तुमचा काय संबंध?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण गेल्या गणपतीपासून मला इतक्या जणांनी ऐकवली आहे, की आता कुणी ‘शहाण्याने’ एवढं म्हटलं तरी मी उठून आतल्या खोलीत जातो. मी कुठलीही पायरी चढायला गेलो नव्हतो. रस्त्यावर उभा होतो, हातात भाजीची पिशवी होती आणि मी एक प्रश्न विचारला. एवढंच.

गौरी बसायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बसस्टँडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोलीस केळीवाल्याची हातगाडी काढायला लावत होते. काढायला हवीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं होतं. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं. गाडी मागे ओढायला बघत होतं, आणि मोटरसायकलवरून आलेल्या दोघा पोलिसांपैकी एकजण फायबरच्या काठीने त्याच्या पोटऱ्यांवर मारत होता. पोरगं खाली बसलं. दोन्ही हात डोक्यावर. तरी काठी चालूच.

मी म्हणालो, “साहेब, गाडी काढतोय ना तो. मारताय कशाला?”

“तुमचा काय संबंध?”

“संबंध काही नाही. पण तो खाली बसलाय, हात जोडतोय. आता कशाला मारायचं?”

“नाव काय तुमचं?”

मी नाव सांगितलं. आडनावासकट. मग मी त्यांचं विचारलं, कारण अंगावर रेनकोट होता आणि नावाची पट्टी दिसत नव्हती. बहुतेक तेच टोचलं. “तू मला नाव विचारणार?” आणि काठी माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली. दुसरी मांडीवर. खिशातून फोन काढला तो त्यांनी ओढून घेतला. टोमॅटो रस्त्यावर. पंधरा-वीस मोबाइल वर झालेले मला दिसत होते. त्यातले निम्मे चेहरे ओळखीचे.

मी आवाज चढवला नव्हता, धक्का दिला नव्हता, शिवी तर आयुष्यात दिलेली नाही. हे पुन्हापुन्हा सांगतो, कारण पुढे जे कागदावर आलं त्यात हे तिन्ही होतं.

ठाण्यात नेल्यावर मला बाकावर बसवलं. तिथवर मी फक्त चिडलेला होतो. हात ठणकत होता, पण मनात हेच, की वरचे साहेब आले की सगळं स्पष्ट होईल. मग ठाणे अंमलदारासमोर खुर्ची ओढून त्या शिपायाने सांगायला सुरुवात केली आणि अंमलदार लिहू लागले. सदर इसमास समज देऊन बाजूस होण्यास सांगितले असता सदर इसम मोठमोठ्याने ओरडून अंगावर धावून आला. बंदोबस्ताचे कर्तव्य बजावत असताना शासकीय कामात अडथळा. सांगणाऱ्याच्या आवाजात राग नव्हता. मोटरसायकलची चावी बोटाभोवती फिरवत, एकदा जांभई देऊन, तो सांगत होता. अंमलदाराने मध्येच विचारलं, “ढकललं का?” तो क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो. ढकललं, घ्या.”

मी स्वतः सरकारी कारकून आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात टिपण्या लिहिण्यात गेली. फाइलवर जे आलं तेच घडलेलं असतं, हे मला त्या अंमलदाराइतकंच माहीत आहे. काठीचा मार चार दिवसांत उतरतो. ‘ढकललं, घ्या’ उतरत नाही. माझ्या देखत, पाच फुटांवर, मी न केलेली गोष्ट घडत होती आणि तिला जावक क्रमांक पडणार होता. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

पुढे जे ठरवून बोललं गेलं ते असं: “सरकारी नोकर ना तुम्ही? ३५३ लागलं आणि ४८ तास आत बसलात की नोकरीचं काय ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.” खरंच सांगायला नको. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की कर्मचारी निलंबित झाला असं मानलं जातं, वेगळा आदेश असो-नसो. हे पोलिसांना पाठ असतं. आपल्या माणसांना नसतं.

आता कामाचं सांगतो.

३५३ हा आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. मात्र त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. प्रश्न विचारणं म्हणजे हल्ला नव्हे. नुसत्या अडथळ्याचं कलम वेगळं आहे, २२१, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच उचलून आत टाकलंच पाहिजे असं नाही, आधी नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच अर्णेश कुमार खटल्यात हे बजावलंय. तेव्हा ‘आता आत जाशील’ ऐकून लगेच हात जोडू नका. पण नव्या कायद्यात एक धोक्याची जागाही आहे, ती माझ्या वकिलांनी दाखवली. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७२. गुन्हे रोखण्याच्या कामात पोलिसाने दिलेली कायदेशीर सूचना पाळली नाही तर तो तुम्हाला तिथून हटवू शकतो, ताब्यात घेऊ शकतो, किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडायचं. म्हणून ‘मागे व्हा’ म्हटलं की मागे व्हा. चार पावलं मागे जाऊन तोच प्रश्न विचारा. पिशवी खाली ठेवा, दोन्ही हात समोर दिसू द्या. पुढे कागदावर ‘अंगावर धावून आला’ येणारच आहे. निदान कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तुमचे हात मोकळे दिसले पाहिजेत.

काठीबद्दल कायदा अगदी कोरडा आहे. अटकेला विरोध झाला तर आवश्यक तेवढं बळ वापरता येतं. बेकायदा जमाव पांगवायला वापरता येतं. खाली बसून हात जोडणाऱ्याला शिक्षा म्हणून मारण्याचा अधिकार कुठल्याच कलमात नाही. शिक्षा द्यायचं काम न्यायाधीशाचं. हे मी त्या रात्री आतल्या साहेबांना म्हणालोसुद्धा. साहेब फार सभ्य होते, चहा मागवला. म्हणाले, “तुम्ही सुशिक्षित माणूस, तुम्हाला काय सांगायचं, बंदोबस्ताचा ताण असतो पोरांवर.” ताण असतो, मान्य. सलग ड्युट्या, सणाला घर नाही, सुटी नाही. पण त्या ताणाचा हिशोब केळीवाल्याच्या पोटरीवर का?

ठाण्यात पहिला प्रश्न हा विचारा: मला अटक आहे का? अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि वैद्यकीय तपासणी करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अटक नसेल तर मी निघतो. मला रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं आणि नंतरच्या प्रत्येक कागदावर लिहिलंय, ‘चौकशीकामी बोलावले होते’. मधल्या मध्ये लटकवणं त्यांना सगळ्यात सोयीचं जातं. अटक नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून जखम नाही.

जखमेचं तर ऐकाच. सुटल्यावर मेव्हण्याने मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. वीस वर्षांचा घरोबा. हात बघितला, मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि केसपेपरवर लिहिलं ‘पडल्यामुळे मुका मार’. मी म्हटलं, डॉक्टर, काठी आहे ही. म्हणाले, “अहो, पोलीस केस झाली तर मला साक्षीला ओढतील.” दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात गेलो तेव्हा तो कागद माझ्याच विरोधात उभा. म्हणून सांगतो, खासगी डॉक्टरकडे जाऊच नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. थेट सरकारी रुग्णालय, त्याच रात्री. कुणी, कशाने, किती वाजता, कुठे मारलं हे डॉक्टरला तोंडाने सांगा आणि नोंद मेडिको-लीगल केस (एमएलसी) म्हणूनच करायला लावा. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीचं पत्र, नाही म्हणून परत पाठवतील. हलू नका. व्रणांचे फोटो रोज काढा, काळेनिळे रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठतात.

कॅमेऱ्यांचं. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, ते जमणारच नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलं. मी दुसऱ्याच आठवड्यात लेखी अर्ज दिला, माहिती अधिकारातही मागितलं. उत्तर आलं: ‘तांत्रिक बिघाडामुळे सदर कालावधीचे चित्रण उपलब्ध नाही.’ समोरच्या मोबाइलच्या दुकानात कॅमेरा थेट रस्त्यावर रोखलेला आहे. मालक म्हणाला, “काका, डीव्हीआर बंद होता त्या दिवशी.” दुकानांच्या यंत्रात जुनं चित्रण दोन-तीन आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून उशीर नको. पेन ड्राइव्ह मिळाला तरी त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र घ्या. नाहीतर कोर्टात तो पुरावा म्हणून उभा राहत नाही.

आणि ते पंधरा-वीस मोबाइल! एकानेही चित्रण दिलं नाही. एकाने स्टेटसला ठेवलं होतं, माझ्या मुलीने पाहिलं, मागितलं तोवर काढून टाकलं. ठाण्याच्या आत चित्रण केलं म्हणून गोपनीयतेच्या कायद्याचा बागुलबुवा दाखवतात. त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली उत्तर दिलं आहे: पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. रस्त्याला तर तो कायदा लागायचा प्रश्नच नाही. पण हे कुणाला सांगू? चित्रण आहे, धाडस नाही.

केळीवाल्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या आईने दारातूनच सांगितलं, “साहेब, आमाला रोज तितंच गाडी लावायची हाय.” त्यावर बोलण्यासारखं काय आहे? दोष देतो तो आमच्या सोसायटीतल्या, रोज सकाळी राज्यघटनेवर व्याख्यान झोडणाऱ्या लोकांना. साक्षीदार म्हणून सही मागितली तर एकाचा पासपोर्ट निघाला, एकाच्या मुलाची पोलीस भरती.

माझ्यावर १३२ लावलं नाही. मेव्हण्याने एका माजी नगरसेवकाला आणलं, त्यांनी आत जाऊन हसत काहीतरी बोलून ‘मिटवलं’. मिटवलं म्हणजे काय, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११०/११७ लावलं. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं, टोमॅटो घेऊन! सगळे म्हणाले, किरकोळ दंड आहे, भरा आणि मोकळे व्हा. कोर्टात दंड भरून मोकळं होणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे कुणी सांगत नाही. मी कबूल केलं नाही. तारखा चालू आहेत. ज्याने तुमच्यासाठी मध्यस्थी केली त्याचे आभार माना, पण त्याच्या सांगण्यावरून कशावरही सही करू नका. माझ्यापुढे ‘गैरसमजातून वाद झाला, माझी तक्रार नाही’ असं लिहिलेला कागद ठेवला होता. मी त्याखाली ‘मजकूर मान्य नाही, मला मारहाण झाली आहे, माझा फोन परत मिळावा’ असं लिहून वेळ टाकली. प्रत दिली नाही. प्रत मिळेपर्यंत उठायचं नाही.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टाने पाठवा. हाती दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर पोलीस तक्रार प्राधिकरणही झालं आहे, तिथेही अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढे जाल तर नागरिक सुरक्षा संहितेचं १७५(४) वाचून जा. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल येतो आणि त्याचं स्वतःचं म्हणणं विचारात घेतलं जातं. म्हणजे तुमची तक्रार आधी त्याच्याच साहेबाच्या टेबलावर जाणार. माझी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. मला बोलावलं, तीन तास बसवलं, जबाब घेतला, आणि पुढच्या महिन्यात पत्र आलं: ‘तक्रारीत तथ्य आढळून न आल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ वाक्य व्याकरणात बरोबर आहे. असली पत्रं मीही लिहिली आहेत, कालव्याचं पाणी मागणाऱ्यांना.

बायको म्हणते, आता बास. मुलगी म्हणते, सोडू नका. मी सोडलेलं नाही. चित्रणाच्या अर्जाचं पहिलं अपील फेटाळलं, दुसरं माहिती आयोगात पडून आहे. फोन अजून ठाण्यातच आहे. जप्त केला म्हणावं तर पंचनामा नाही, नाही म्हणावं तर परत देत नाहीत. कुणाचाही फोन घेतला तर जागच्या जागी पावती मागा. माजी नगरसेवकांचा मधूनमधून निरोप येतो: तक्रार मागे घ्या, फोन घरपोच येईल. मी आता फोन मागतच नाही. पावती मागतो, लेखी, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतो.