हरलेल्या मुलास काय सांगावे?

शास्त्रपाठ : १ करिंथ ९:२४-२७

प्राचीन काळी करिंथ शहराजवळ इस्थम येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत. तेथील धावणारे व मुष्टियोद्धे करिंथकरांच्या परिचयाचे होते. म्हणून पौलाने त्यांचा दृष्टांत घेतला. आत्मसंयमनावाचून बळ व्यर्थ होय, हे त्यावरून आपण शिकतो. आपल्या तालमीत व हुतूतूच्या मैदानावरही मुलांच्या शरीराबरोबर मनाची कसोटी लागते. त्या कसोटीस ती कशी उतरतील, हे पुष्कळ अंशी वडील माणसांवर अवलंबून आहे.

१. भीती. सामन्यापूर्वी छाती धडधडणे, हातांस घाम सुटणे, हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. शरीर श्रमास सिद्ध होत असता असे होतच असते. मुलास तसे सांगावे, सावकाश श्वास घेण्यास लावावे, व त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. परंतु दुसऱ्याचा पराभव देवाजवळ मागू नये.

२. पराभव. पुष्कळ मुले हरण्यापेक्षा घरच्यांच्या बोलण्यास अधिक भितात. गावात आपली घरे थोडी. म्हणून मुलाच्या हातून आपला मान वाढावा असे आपणांस वाटते. पण “तू मंडळीचे नाक कापलेस,” असे म्हणून एवढे ओझे कोवळ्या खांद्यांवर घालणे न्याय्य नव्हे. हरून आलेल्यास पाणी द्यावे, जेवू घालावे. चुका दुसऱ्या दिवशी प्रेमाने दाखवाव्या. १९२३ साली इंग्लंडातील स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत एरिक लिडल हा स्कॉटिश तरुण आरंभीच धक्का लागून पडला. तो उठला, धावला, व पहिला आला. पडलेला प्रत्येक मुलगा पहिला येईल असे नाही; पण उठणे त्यास शिकविता येते.

३. राग. याच लिडलने १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक खेळांत प्रभुवारी धावण्याचे नाकारले, व पुढे ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. नंतर तो चीनमध्ये मिशनरी झाला. महायुद्धात जपान्यांनी त्यास वेइशिएन येथील छावणीत कोंडले. तेथील मुले प्रभुवारी पंचावाचून हॉकी खेळली, आणि हाणामारी झाली. पुढच्या प्रभुवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी ज्याने प्रभुवार मोडला नाही, तो मुलांच्या सलोख्यासाठी खाली उतरला. १९४५ साली त्याच छावणीत तो प्रभूमध्ये निजला.

यास्तव, उपदेशकहो, मुलांस मैदानावर एकटे सोडू नका. आपल्यावरील प्रीती जिंकण्यावर अवलंबून नाही, असे ज्या मुलास ठाऊक आहे, तो निर्भयपणे खेळतो, जिंकल्यावर फुगत नाही, आणि हरल्यावर खचत नाही. देवाची प्रीतीही अशीच आहे, हे त्यास तेथेच समजू लागते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. पौलाने खेळाडूचा दृष्टांत का घेतला?
२. हरलेल्या मुलास आपल्या घरी प्रथम कोणते शब्द ऐकू येतात?
३. आपल्या गावच्या खेळात पंच होण्यास कोण सिद्ध आहे?