आकाशांतील गणिताचा भूमीवरील ताळा

कौलांतून घरांत उतरलेला कवडसा आमच्या प्रत्येक वाचकानें पाहिला असेल. त्यांत नाचणारे कण एरव्हीं दिसत नाहींत. प्रकाश त्यांवर आपटून आपल्या डोळ्यांकडे वळतो, म्हणूनच ते दिसतात. ह्याच साध्या गोष्टीवर ‘कॅलिप्सो’ नामक उपग्रहाचें काम चाले. तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

अमेरिका व फ्रान्स ह्या देशांनीं मिळून हा उपग्रह २८ एप्रिल २००६ रोजीं आकाशांत सोडला. १ ऑगस्ट २०२३ रोजीं त्याचें कार्य संपलें. आरंभीं तो सुमारें ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरे. दर सेकंदास लेसर-प्रकाशाच्या सुमारें २० लहरी तो खालीं सोडी, आणि धूळ, धूर, समुद्रक्षार इत्यादिकांच्या कणांवरून परतलेला अत्यल्प प्रकाश एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें टिपी. प्रकाश सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. तेव्हां परतण्यास लागलेल्या काळावरून कणांची उंची कळे.

परंतु प्रकाश थोडा परतला, तर कणच थोडे होते, कीं पुष्कळ असून प्रकाश शोषून घेणारे होते? हें उपग्रहास एकट्यानें ठरवितां येत नसे. म्हणून कणांची जात ओळखून, प्रकाश अडला किती व मागें फिरला किती, ह्यांचें गुणोत्तर आधींच गृहीत धरावें लागे. गृहीत चुकलें कीं उत्तर चुकलें. आणि सूर्याची किती उष्णता हे कण अडवितात, ह्याचा हिशेब त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

ह्यास्तव भूमीवर ताळा पाहणें अवश्य झालें. सूर्यप्रकाशमापक हें यंत्र सूर्याकडे तोंड करून, वाटेंत एकंदर किती प्रकाश अडला तें सरळ मोजतें. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंतही असें यंत्र बसविण्यांत आलें. मात्र कण किती उंचीवर आहेत, हें त्यास सांगतां येत नाहीं. दुसरें यंत्र भूमीवरून वर लेसर सोडतें, आणि नायट्रोजनच्या रेणूंवरून रंग बदलून आलेला प्रकाश निराळा मोजतें. हवेंत नायट्रोजन किती हें ठाऊक असल्यामुळें, तो प्रकाश जितका कमी भरेल त्यावरून कणांनीं किती अडविला हें गृहीताविना निघतें. रंग बदलण्याचा हा चमत्कार १९२८ सालीं कलकत्त्यास डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं दाखविला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

युरोपांतील मापनकेंद्रांच्या संघानें, उपग्रह शंभर किलोमीटरांच्या आंतून जाण्याच्या वेळा साधून मोजण्या केल्या. वारा कणांस वाहून नेतो. म्हणून दोघांनीं एकच हवा पाहिली कीं काय, हेंही तपासावें लागे. वाळवंटी धुळीसाठीं उपग्रहाच्या गणितांत प्रथम ४० हें गुणोत्तर धरलें होतें. भूमीवर तें अधिक भरलें. अर्थात् धूळ कमी दाखविली जात होती. २०१६ सालच्या सुधारित गणितांत ४० चे ४४ केले, आणि मागील सर्व वर्षांच्या नोंदी पुनः काढल्या.

२८ मे २०२४ रोजीं युरोप व जपान ह्यांनीं ‘अर्थकेअर’ हा उपग्रह सोडला. त्याचें लेसरयंत्र कणांचा प्रकाश व हवेच्या रेणूंचा प्रकाश निरनिराळा ओळखतें. तथापि त्याचाही ताळा भूमीवर घ्यावाच लागतो.

विद्यार्थ्यांनो, उत्तर आलें कीं पाटी खालीं ठेवण्याची घाई आम्हां सर्वांसच असते. शेंकडों किलोमीटर उंचीवरून पृथ्वी पाहणाऱ्यांसही ताळा चुकला नाहीं, हें ध्यानांत ठेवा. आणि ताळा न जुळल्यास लाजूं नका, गणित पुन्हां मांडा.