विरघळण्याचा जमाखर्च

अकबर बादशहाच्या दरबारीं पिण्याचें पाणी गार करण्यासाठीं सोरा वापरीत असत. सोरा पाण्यांत टाकावयाचा आणि त्यांत पिण्याच्या पाण्याचें भांडें फिरवावयाचें, ही रीत अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत नमूद केली आहे. बर्फावांचून हा गारवा येई कोठून?

मीठ, सोरा, नवसागर यांचे स्फटिक धन व ऋण विद्युद्भार असलेल्या कणांचे बनलेले असतात. हे कण परस्परांस घट्ट धरून असतात. त्यांस विलग करण्यास शक्ति खर्चावी लागते. परंतु विलग झालेल्या प्रत्येक कणाभोंवतीं पाण्याचे रेणु गोळा होतात, आणि या मीलनांत शक्ति बाहेर पडते. पहिला खर्च, दुसरी जमा. खर्च अधिक झाला तर तूट पाण्याच्या उष्णतेंतून भरून निघते व पाणी गार होतें. जमा अधिक झाली तर शिल्लक उष्णतेच्या रूपानें प्रकट होते.

साध्या मिठाचाच हिशेब पाहा. ५८.५ ग्रॅम मिठाचे कण विलग करण्यास सुमारें १,८८,००० कॅलरी लागतात व पाण्याच्या संयोगानें सुमारें १,८७,००० परत मिळतात. एवढ्या मोठ्या उलाढालींत तूट काय ती हजारभर! म्हणून मिठाचा गारवा हातास फारसा जाणवत नाहीं. भरपूर पाण्यांत विरघळतांना ५३.५ ग्रॅम नवसागर मात्र सुमारें ३,५०० कॅलरी शोषून घेतो, आणि १०१ ग्रॅम सोरा ८,३००. उलट ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा १०,६०० कॅलरी बाहेर टाकतो.

विद्यार्थिमित्रांनो, कल्हईवाल्याचा नवसागर २० ग्रॅम घेऊन १०० ग्रॅम पाण्यांत ढवळा; उष्णतामापकाचा पारा दहा-बारा अंश खालीं येईल.

पण जेथें शिल्लक मोठी, तेथें धोकाही मोठा. गंधकाम्ल पाण्यांत मिसळतांना प्रचंड उष्णता निघते. आम्लावर पाणी ओतल्यास तें हलकें असल्यामुळें वरच राहतें, तेथेंच उकळूं लागतें आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडवितें. म्हणून आम्लच पाण्यांत, थोडें थोडें व ढवळीत, ओतावें. मग ती उष्णता साऱ्या पाण्यांत वांटली जाते. घरीं साबण करणाऱ्या पालकांनींही कॉस्टिक सोडा असाच थंड पाण्यांत हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधींही ओतूं नये. डोळा गेला तर तो कोणत्याही हिशेबानें परत मिळत नाहीं.