निजण्याच्या खोलीतील टी.व्ही.

पाठभाग : १ शमुवेल ३:१-१०, अनुवाद ६:४-९

पाठाचा उद्देश : स्वस्त झालेला टी.व्ही. घरात कोठे ठेवावा व किती वेळ चालवावा, याचा प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा.



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस बाजारात गेला की घरोघरी एखादी नवी वस्तू येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी ३२ इंची स्मार्ट टी.व्ही. आला. बाहेरच्या खोलीत मंडळीची घरप्रार्थना भरते, तेथे टी.व्ही. नको, तो शोभत नाही, असे म्हणून मी तो आतल्या निजण्याच्या खोलीत भिंतीला लावला. आपण मोठा धार्मिक विचार केला असे मला तेव्हा वाटले.

त्या भिंतीच्या पलीकडे माझी आई निजते. माझी धाकटी मुलगी, वय नऊ, आजीजवळ निजत असे. तिची शाळा तेलुगू माध्यमाची. दिवसभर तिच्या कानावर तेलुगू पडते. मराठी ऐकायची ती रात्री आजीच्या अंथरुणात. पैनगंगेच्या पलीकडील माहेरच्या गोष्टी, शास्त्रातील गोष्टी, कोणाचे लग्न कसे झाले, हे सारे तेथेच चाले. टी.व्ही. आल्यावर मुलगी आमच्या खोलीत येऊ लागली व चित्रे पाहता पाहता झोपू लागली. कोणी तिला बोलावले नव्हते आणि कोणी परतही पाठवले नाही.

आठ महिन्यांनी आईचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी विचारले, “आजी, झोप लागते का?” आई म्हणाली, “लागते की.” जवळ उभी असलेली मुलगी चटकन म्हणाली, “नाही लागत. बाबांचा टी.व्ही. बंद झाला की मग ती निजते. मी पाणी प्यायला उठते तेव्हा ती जागीच असते.” घरी येताना मी आईला विचारले, “मला का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “दिवसभर राबतोस. तुझी तेवढीच करमणूक. मी कशाला बोलू?”

त्याच महिन्यात मी मंडळीत आईबापांचा मान राखण्यावर उपदेश केला होता. हे सांगताना मला आनंद होत नाही. परंतु असे आणखी कोणाच्या घरी होत असेल म्हणून लिहितो.

रात्रीची हाक

शमुवेलाचा पाठ आपण मुलांना नेहमी शिकवतो. मुलगा हाक ऐकून तीनदा उठतो व एलीकडे धावतो. येथे एलीकडेही पाहिले पाहिजे. तो वृद्ध आहे, त्याची दृष्टी मंद झाली आहे, त्याच्या घरात दुःख आहे. तरी झोपमोड करणाऱ्या मुलावर तो रागावत नाही. तिसऱ्या वेळी मुलाचे म्हणणे त्याच्या ध्यानात येते व काय करावे ते तो त्याला सांगतो. रात्रीची शांतता होती आणि दोघे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात होते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातही मुलांशी बोलण्याच्या ज्या वेळा सांगितल्या आहेत, त्यांत निजण्याची वेळ आहे. ती वेळ आमच्या घरात मी एका यंत्राला देऊन टाकली होती.

टी.व्ही. आत कसा आला?

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले; मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले; १९८२ साली रंगीत चित्र आले. त्या काळी गल्लीत एखादाच संच असे आणि सारे शेजारी त्यापुढे बसत. कार्यक्रम संपला की संच बंद होई, कारण पुढे दाखवण्यासारखे काही नसे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली व इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०१८ मध्ये शाओमी कंपनीने ३२ इंची स्मार्ट टी.व्ही. १३,९९९ रुपयांस विक्रीस आणला. आता त्याहून कमी किमतीचे संचही मिळतात. त्यामुळे चावडीवरचा टी.व्ही. माजघरात आणि माजघरातला निजण्याच्या खोलीत आला. यात नुकसानच झाले असे नाही. केबलवर आपल्याकडे बहुतेक तेलुगू वाहिन्या, स्मार्ट टी.व्ही.वर मात्र मराठी गाणी, मराठी उपदेश, शेतीची माहिती, सारे पाहता येते. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला ही सोय मोठीच आहे.

स्वस्त का, हेही समजून घ्यावे. पुष्कळ कंपन्या संच कमी नफ्यात विकतात व पुढे जाहिरातींतून आणि आपण काय पाहतो या माहितीतून पैसा मिळवतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांतून ग्राहकांची संमती न घेता अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ साली २२ लाख डॉलर देऊन तिने ते प्रकरण मिटवले. म्हणून संच बसवताना जी संमती विचारली जाते, ती वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहण्याची माहिती देणे पुष्कळ संचांत बंद करता येते.

विजेचा खर्च फारसा नाही. ५० वॅटचा संच रोज चार तास चालला तर महिन्याला ६ युनिट होतात. खरा खर्च झोपेचा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. एक वर्षाखालील बाळाला तर पडदा मुळीच नको. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने शरीराला झोपेची सूचना उशिरा मिळते. त्यातच एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. पूर्वी कार्यक्रम संपे. आता तो आपणच संपवावा लागतो.

काय करता येईल?

१. शक्य असेल तर संच निजण्याच्या खोलीतून बाहेर आणावा. आम्ही तो बाहेरच्या खोलीत आणला. प्रार्थनेच्या वेळी त्यावर कापड टाकतो. प्रार्थनेला त्याची काही अडचण होत नाही, हे आता कळले.

२. आपल्यापैकी अनेकांचे घर एकाच खोलीचे आहे. हिवाळ्यात तर थंडीमुळे दारे लावून सारे एकाच खोलीत निजतात. तेथे जागा बदलता येत नाही, वेळ बदलता येते. घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसाची निजण्याची वेळ हीच संच बंद करण्याची वेळ ठरवावी.

३. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंग्जमध्ये बंद करावी. ठरलेल्या वेळी संच बंद करणारा ‘स्लीप टायमर’ पुष्कळ संचांत असतो, तो लावावा. गूगल टी.व्ही. असेल तर मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून त्यात रोजची मर्यादा व निजण्याची वेळ घालता येते. प्रौढांच्या प्रोफाइलला पिन लावावा.

४. संच भिंतीला लावताना स्क्रू नुसत्या गिलाव्यात न बसता विटेत घट्ट बसला आहे ना, हे पाहावे. टेबलावर ठेवला असेल तर लहान मूल ओढणार नाही असा बांधावा. विजा चमकत असतील तर विजेची पिन व डिशची तार आधीच काढून ठेवावी.

५. घरात जो काही बोलत नाही, त्याला मुद्दाम विचारावे. आई, वडील, सून, परीक्षेला बसलेले मूल, यांना आवाजाचा त्रास होतो का? आणि पहिल्या उत्तरावर समाधान मानू नये. माझ्या आईचे पहिले उत्तर “लागते की” असेच होते.

शिक्षकांना सूचना

वर्गात “तुमच्या घरी टी.व्ही. केवढा आहे?” असे विचारू नये, ज्यांच्या घरी नाही त्यांना लाज वाटते, ज्यांच्या घरी आहे ते मिरवतात. त्याऐवजी मुलांना आपल्या घराचा नकाशा काढू द्यावा. कोण कोठे निजते, रात्री आवाज कोठून येतो, हे त्यात दाखवावे. कोणाच्या घरची उणीव दिसली तर ती वर्गात वाचून दाखवू नये. मग शमुवेलाचा पाठ सांगून प्रत्येक मुलाला एक काम द्यावे : या आठवड्यात एके रात्री घरातील वृद्ध माणसाला त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारावी व ती पुढील रविवारी वर्गात सांगावी. मूल तेलुगू मिसळून बोलले तरी अडवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी दिवसाचा शेवटचा शब्द कोणाचा असतो?
२. टी.व्ही.मुळे आपल्या घरात कोणाची सोय झाली आणि कोणाची गैरसोय झाली?
३. एलीने मुलाला रागावून परत पाठवले असते तर काय झाले असते?
४. रात्री अडचण सांगण्यासाठी मूल आपल्या दाराशी आले, तर आपल्याला ते कळेल का?

आमच्या घरी टी.व्ही. आजही आहे. रविवारी दुपारी आई त्यावर मराठी गाणी ऐकते. रिमोट नातीच्या हातात असतो. रात्री साडेनऊला तो बंद होतो. मुलगी लगेच आजीकडे परत गेली नाही. पहिले पंधरा दिवस ती रुसून एकटीच निजली. मग एका रात्री भिंतीपलीकडून दोघींचे बोलणे ऐकू आले. काय बोलत होत्या ते मला नीट कळले नाही, आणि मीही उठून विचारले नाही.