चार्ज घेण्याआधी

पोरी, सोमवारी तू उपविभागाचा चार्ज घेशील. सलामी, हार-गुच्छ उरकले की केबिनमध्ये बसू नकोस. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी तासभर बस. फिर्याद घेऊन आलेल्या माणसाशी तुझं ठाणं कसं बोलतं, ते तिथंच कळतं. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद घ्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलं. तरी ‘हद्द आमची नाही’ म्हणून माणसं परत पाठवली जातात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नं ती पळवाटही बुजवलीय. गुन्हा कुठंही घडलेला असो, आधी नोंद घे, मग वर्ग कर. आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते ना, हे स्वतः विचार.

पंचनाम्याबद्दल मात्र मामाचं जरा सविस्तर ऐक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका खुनाच्या तपासात पाऊस आला म्हणून मी जागेवर नुसती टिपणं काढली आणि पंचनामा रात्री ठाण्यात बसून लिहिला. पंच नेहमीचाच, ठाण्यासमोरचा चहावाला. उलटतपासणीत वकिलानं त्याला विचारलं, घराचं दार कोणत्या दिशेला? त्याला सांगता येईना. आरोपी सुटला. मयताची आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही, आजही सुचत नाही. म्हणून सांगतो, जागेवरच लिहायला लाव. चतुःसीमा हवी, पंच त्या भागातले हवेत, मुद्देमालाच्या लेबलावर त्यांच्या सह्या तिथंच हव्यात. त्याच नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. तुझे अंमलदार त्याला कटकट म्हणतील, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांग.

अटकेची वेळ स्टेशन डायरीत खरी पडू दे. आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे चोवीस तास तिथूनच मोजले जातात.

सणाच्या आठ दिवस आधी शांतता समितीला चहा पाजून दंगल टळत नाही. भिवंडी १९७० आणि १९८४ साली होरपळली होती. सुरेश खोपडे तिथं उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. म्हणून अशा बैठका बारा महिने घे. पुढाऱ्यांपेक्षा भाजीवाले, यंत्रमाग कामगार, मुलांच्या आया बोलाव.

आणि बंदोबस्ताच्या आराखड्यात पॉइंट लिहितेस, तसंच महिला शिपायांसाठी जवळचं स्वच्छतागृह कुठलं, तेही लिही. चौदा-चौदा तास उभ्या राहतात त्या. पाणी प्यायचं टाळतात. माझ्या एकाही आराखड्यात ती ओळ नव्हती.