पैसे द्यायचेच, तर धावायचे कशाला?



येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये आपल्या धर्मग्रामातील काही तरुण धावणार आहेत. त्यांच्या एका मित्राला ब्रेन ट्यूमर झाला आहे. या आजारावरील संशोधनासाठी देणग्या जमवाव्यात, हा त्यांचा हेतू. "फादर, पैसे द्यायचेच तर सरळ द्यावेत, त्यासाठी धावायचे कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे खोलात जाऊ.

मेंदूतील सगळ्याच गाठी घातक नसतात. परंतु ग्लिओब्लास्टोमा नावाचा प्रकार फार वाईट. शरीरात इतरत्र गाठ काढताना सर्जन भोवतालचा थोडा भागही कापून घेतात. मेंदूत तसे केले तर वाचा, हालचाल, आठवण जाण्याची भीती. शिवाय रक्तातील नको ती द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून देवाने तिथे जो पहारा बसवला आहे, तो बहुतेक औषधांनाही अडवतो.

हा पहारा ओलांडणारे एक औषध म्हणजे टेमोझोलोमाइड. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी ते १९८० च्या दशकात तयार केले. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कॅन्सर रिसर्च कॅम्पेन या संस्थेचा त्यांना आधार होता. पुढे २००५ साली ५७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनंतर शंभरात सुमारे १० जण हयात होते. रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २६. आज आपल्याकडेही रुग्णांना याच कॅप्सूल देतात.

दहाचे सव्वीस झाले, याचा आनंद मानावा की उरलेल्या घरांचे दुःख करावे, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. पण त्या वर्षांचा हिशेब पाहा. १९८० च्या दशकात ज्यांनी आपल्या आजारी माणसाच्या नावाने दान दिले, त्यांच्या माणसाला बहुधा ही कॅप्सूल मिळाली नसणार. ती मिळाली वीस वर्षांनंतर कुणा अनोळखी माणसाला.

आम्ही या तरुणांना हे स्पष्ट सांगितले: तुम्ही मित्रासाठी धावता, पण या पैशाचा उपयोग कदाचित त्याला होणार नाही. ते म्हणाले, "ठाऊक आहे, फादर. त्यालाही ठाऊक आहे."

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, मौजेची आणि सद्गुणाची. तिसरीत आपण मित्राचे भले त्याच्यासाठीच इच्छितो. पण मित्राचे भले आपल्या हाती नसेल, तर त्या इच्छेने जायचे कुठे? मार्काच्या शुभवर्तमानातील चौघे आठवतात. पक्षाघाती माणसाला त्यांनी छप्पर उघडून खाली सोडले. बरे करणे त्यांच्या हाती नव्हते, वाहून नेणे होते. मात्र त्यांच्या बाजेवर त्यांचाच माणूस होता. आपल्या मुलांच्या बाजेवर उद्या कोण असेल, त्याचे नावही त्यांना माहीत नाही. इथे ती मैत्री ॲरिस्टॉटलच्या पुढे जाते, असे आम्हांला वाटते.

आता धावण्याचे. दुसऱ्यासाठी हात पसरायला आपल्याला लाज वाटते. चार महिने पहाटे उठून घाम गाळणाऱ्याला मात्र मागण्याचा थोडा हक्क येतो, आणि देणाराही दोन प्रश्न अधिक विचारतो. शिवाय आजारी मुलाला रोज संध्याकाळी "आज किती किलोमीटर?" असे विचारायला विषय मिळतो. एरवी भेटायला येणारे त्याच्याशी रिपोर्टांखेरीज बोलतच नाहीत.

एक सूचना. रुग्णांच्या उपचारांना मदत करणारी संस्था वेगळी आणि संशोधनाला पैसे देणारी वेगळी. दोन्ही कामे चांगली आहेत, पण आपला पैसा कुठे जातो हे संस्थेला आधी विचारावे आणि देणाऱ्याला खरे सांगावे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. सराव नसलेल्यांनी सहाएक किलोमीटरच्या ड्रीम रनचा विचार करावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

मॅरेथॉन रविवारी पहाटे सुरू होते. तेव्हा धावणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. ती रविवारची धरली जाते. गुडघेदुखीच्या तक्रारी आम्ही सोमवारी ऐकू.