पहिल्या फेरीचं तिकीट काढण्याआधी

नाशिकला समुद्र नाही, तरी इथल्या माणसाला बोटीचं आकर्षण मोठं. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र नेता येतं, रोज बॅगा भरायच्या-उपसायच्या नाहीत, जेवणाखाण्याची चिंता नाही, म्हणून क्रूझचा विषय आता मध्यमवर्गीय घरांतही निघतो. अशा घरात कोऱ्या करकरीत जहाजाच्या पहिल्या फेरीची जाहिरात पोचली की सगळे हरखतात, आणि त्यात काही गैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या जहाजाची जाहीर झालेली पहिली तारीख हा बांधणाऱ्यांचा अंदाज असतो. त्या अंदाजाच्या भरवशावर विमानाची तिकिटं, व्हिसा, नोकरीतली रजा आणि मुलांचं वेळापत्रक यांची चळत रचू नये. जहाज उशिरा आलं तर कंपनीचं वेळापत्रक बदलतं. आपली मात्र वर्षातली एकुलती एक मोठी सुट्टी जाते.

सगळ्यात जवळचं उदाहरण सिंगापूरचं, कारण आपल्याकडची बरीच कुटुंबं पहिली क्रूझ तिथूनच करतात. 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर' हे जहाज मुळात 'ग्लोबल ड्रीम' या नावाने दुसऱ्याच कंपनीसाठी जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत बांधलं जात होतं. जानेवारी २०२२ मध्ये ती गोदी चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, जहाज अर्धवट पडून राहिलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेने ते विकत घेतलं. सुमारे दोन लाख आठ हजार ग्रॉस टनांचं हे जहाज १५ डिसेंबर २०२५ ला सिंगापूरहून पहिल्या फेरीला निघणार असं जाहीर झालं आणि तिकिटं विकली गेली. मग बांधणीतल्या अडचणी निघाल्या आणि नवी तारीख आली १० मार्च २०२६. जगाच्या नकाशावर हा तीन महिन्यांचा फरक किरकोळ वाटेल. नाशिकच्या घरात तो किरकोळ नाही. डिसेंबरच्या अखेरीस नाताळची सुट्टी असते. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, नोकरदारांचं आणि व्यापाऱ्यांचं वर्षअखेर, आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी ऐन भरात. ज्या घरातला एक माणूस बागेत, एक बँकेत आणि एक मूल बारावीत आहे, त्या घराला मार्चची तारीख मिळणं म्हणजे सहल रद्द होणंच.

हे एकट्या डिस्नेचं नाही. रिट्झ-कार्लटनचं 'एव्हरिमा' स्पेनमधल्या व्हिगोच्या गोदीत बांधून होऊन फेब्रुवारी २०२० मध्ये प्रवासी घेऊन निघायचं होतं, ते निघालं ऑक्टोबर २०२२ मध्ये. कोविडने उशीर वाढवला हे खरं, पण पहिली तारीख कोविड येण्याआधीच हुकली होती. 'एक्स्प्लोरा १'ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. जुलै २०२३ मधली तिची पहिली फेरी अगदी तोंडावर आली असताना रद्द झाली, कारण आगीपासून बचाव करणारे काही तक्ते सुरक्षेच्या निकषांत बसत नव्हते. हे तक्ते प्रवाशाला कधी दिसतही नाहीत. खोली आणि बोळ यांच्यामधल्या भिंतीत, सजावटीच्या आड ते बसवलेले असतात, आणि आग लागली तर ती ठरावीक वेळ पलीकडे जाऊ न देणं हे त्यांचं काम. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी दर्जे ठरलेले आहेत. 'ए-६०' दर्जाच्या भिंतीच्या एका बाजूला आग भडकली तरी दुसऱ्या बाजूला साठ मिनिटं ज्वाळा किंवा धूर पोचता कामा नये. असा तक्ता बदलायचा तर भिंत उघडा, वायरी सोडवा, सजावट काढा, पुन्हा बसवा, पुन्हा तपासणी करा. उशीर करून ते बदलले गेले हे योग्यच झालं, आणि अशा उशिराबद्दल मी कंपनीला दोष देणार नाही. पण उशीर कुठून येतो हे यातून कळतं. जहाजाचा लोखंडी सांगाडा उभा करणं हे त्या मानाने ठरल्या वेळेत होणारं काम आहे. खोल्याही बहुधा न्हाणीघरासकट कारखान्यात तयार होऊन येतात आणि जागेवर सरकवल्या जातात. खरी दमछाक नंतर होते. वायरी, वातानुकूलन, पाणी, मुदपाकखाने, लिफ्ट, आग विझवण्याची यंत्रणा, आणि हे सगळं करणारे असंख्य उपकंत्राटदार. शेवटी समुद्रातल्या चाचण्या आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र. ते हाती आल्याशिवाय एकही प्रवासी चढवता येत नाही, आणि ते येतं सर्वांत शेवटी, म्हणजे तिकिटं विकून झाल्यावर कितीतरी महिन्यांनी.

यावर कोणी म्हणेल, 'आयकॉन ऑफ द सीज' तर ठरल्या दिवशी, २७ जानेवारी २०२४ ला, मायामीहून निघालं की! निघालं. अनुभवी गोदी, अनेक वर्षांचा सराव असलेली कंपनी आणि हाताशी राखलेला वेळ असेल तर तारीख पाळली जाते. म्हणूनच नव्या जहाजाची चौकशी करताना स्विमिंग पूल किती आहेत यापेक्षा ते कोणत्या गोदीत बांधलं जातंय आणि त्याच नमुन्याचं आधीचं जहाज समुद्रावर आहे का, हे विचारणं जास्त उपयोगी. एका नमुन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या जहाजाच्या वेळी पहिल्याच्या चुका गोदीला ठाऊक असतात.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: पैसे तर परत मिळतातच ना? क्रूझचे मिळतात, बहुधा पूर्ण. पण मुंबईहून काढलेलं स्वस्त विमान तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असतं, हॉटेलचं बुकिंग वेगळं असतं, व्हिसाची फी परत येत नाही. प्रवास विमा काढला म्हणून निश्चिंत राहू नये. आजारपणामुळे आपण सहल रद्द केली तर भरपाई देणारी पॉलिसी, कंपनीने तारीख बदलली तरी देईलच असं नाही. ते कलम पॉलिसीत शोधून वाचावं लागतं. क्रूझच्या करारातही फेरी रद्द करण्याचा, मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझबाबत सावध राहायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे नवी क्रूझ म्हणजे नवी सेवा. जहाज नवं असेलच असं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' मोठ्या कौतुकात सुरू झाली, ते जहाज जपानमधून आणलेलं जुनं होतं. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसची 'कर्णिका' आली, ती १९९० ची. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'ही १९९० ची. 'कर्णिका' इटलीतल्या मोन्फाल्कोनेच्या गोदीत बांधलेली, 'एम्प्रेस' फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या. जुनं जहाज वाईट असतं असं मी म्हणत नाही. नीट देखभाल आणि प्रमाणपत्रं असतील तर ते बिनधास्त वापरावं, आणि अनेकांनी त्यावर आनंदाचे दिवस घालवलेत. पण 'कर्णिका' दीड-दोन वर्षांत अलंगला भंगारात गेली आणि 'आंग्रिया'ची सेवाही टिकली नाही. नव्या सेवेत तारखेबरोबर कंपनीच्या टिकाऊपणाचीही जोखीम असते. म्हणून वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरून मिळणारी सवलत मला कधीच पटलेली नाही. जितकं आगाऊ देणं भाग आहे तितकंच द्यावं, आणि तेही क्रेडिट कार्डाने, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते.

पहिल्या फेरीचा मान काही जणांना मोलाचा वाटतो, आणि ती हौस मी समजू शकतो. रजा हातात असलेल्या, निवृत्त जोडप्याने खुशाल जावं. मुलाबाळांच्या कुटुंबाने मात्र पहिल्या फेरीनंतर तीन-चार महिन्यांनी सुटणारी फेरी निवडावी. तोवर कर्मचारी रुळलेले असतात आणि लिफ्ट, नळ, जेवणाच्या रांगा यांतल्या अडचणीही बऱ्याच निस्तरलेल्या असतात. बुकिंग शक्यतो इथल्या सहल कंपनीकडून, जीएसटी बिलासह आणि तारीख बदलल्यास काय मिळेल ते लेखी घेऊन करावं. त्याचा फायदा पुढे कळतो: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे नाशिकच्याच जिल्हा आयोगात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, तिथेही काही प्रकरणं मिटतात. परदेशी संकेतस्थळावरून थेट तिकीट काढलं तर करारात बहुधा परक्या देशातल्या न्यायालयाचं नाव असतं, आणि तिथे जाणं कोणाला परवडणार?

विमानाचं तिकीट थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येणारंच काढावं. पासपोर्टची मुदतही नीट पाहावी. प्रवासाच्या वेळी ती किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि हे सहा महिने आज छापलेल्या तारखेपासून न मोजता, फेरी चार महिने पुढे गेली तर जी तारीख येईल तिथून मोजावेत.